सतरा कोरडे

मोहदरी पोडावरच्या हापसीची तक्रार
अर्जात आली नाही, फोनवरही नाही.
बाजाराच्या दिवशी तानुबाई टेकाम
पंचायत समितीच्या पायरीवर येऊन बसली,
हळदीची पुडी ओट्यात नीट खोचली
आणि म्हणाली, "सतरा."

कसले सतरा?

"सकाळी सतरा हापसे कोरडे जातेत, बाबू.
पोळ्याच्या टायमाले चार जात होते,
मंग नऊ झाले, आता सतरा.
दुपारी नाही जात. रातीच काय होते तिले?"

बावीस वर्षं पाने फिरवतोय मी.
लोक सांगतात, पाणी येत नाही.
फार तर, येते पण कमी येते.
दुखणं असं मोजून कुणी आणलं नव्हतं.

तिपाई उभी केली, साखळी सोडली.
बाबाराव कुमरे आणि दोन पोट्टे कप्पीच्या दोरावर.
एकेक पाइप तीन मीटरचा,
प्रत्येकाच्या पोटात एक सळई,
वर निघताना थंड, गंजाचा घाम सुटलेली.
पोड सगळं पाहत बसलं होतं. कुणीतरी विचारलं,
एवढ्या खालचं पाणी ही चोखते कशी?

चोखत नाही, म्हटलं. उचलते.
तळाशी पितळेचा गाळा, गाळ्यात दट्ट्या,
दट्ट्याला चामड्याचे वायसर,
आणि दोन झडपा,
एका घरातल्या दोन जावांसारख्या:
एकीनं दार उघडलं की दुसरी लावून घेते.
तुम्ही दांडा दाबता, दट्ट्या वर निघतो,
त्याची झडप मिटते, डोक्यावरचं पाणी घेऊन चढतो;
तळातली उघडते, भुईचं पाणी आत येतं.
दांडा सोडला की सळया आपल्याच वजनानं उतरतात
(साखळीला ढकलता येत नाही, ओढणं तेवढं येतं).
आता तळातली मिटते, दट्ट्यातली उघडते.
पाणी जागीच राहतं,
दट्ट्याच त्याच्यातून खाली जातो,
गर्दीतून वाट काढत परत निघाल्यासारखा.

गाळा रुंद, पाइप अरुंद.
दट्ट्या सहा बोटं हलला, तर पाणी हातभर चढतं.
म्हणजे सतरा कोरडे म्हणजे सतरा हात,
अडीच पाइप पाणी,
रोज रात्री, कुणी पाहत नसताना,
आल्या वाटेनं परत जात होतं.

तेरावा पाइप निघाला तेव्हा ऊन तुरीच्या शेंड्यावर होतं.
तळाची झडप तळहातावर घेतली.
रबराखाली मुरमाचा एक कण,
ज्वारीएवढाही नाही,
आणि त्यानं दर मिटण्याला थोडी थोडी
कोरलेली खाच.
तानुबाईनं तो कण नखावर घेतला,
उजेडात धरला,
मग पदराच्या टोकात बांधला. का, ते विचारलं नाही.

जोडून होईतो अंधार. शेवटची जीप गेली होती.
बाबारावच्या अंगणात बाज, भाकर, ठेचा.
मी बराच वेळ जागा होतो.
दिवसभर दांडा नाव कमावतो;
रात्री, एकही हात नसताना,
तेरा पाइपांचं पाणी डोक्यावर घेऊन
ती वाटीएवढी झडप
नुसती मिटून बसते. तेवढंच तिचं काम.

पहाटे हापसीचा आवाज.
तानुबाई एकटीच, बाजूला गुंड, डोक्यावर चुंबळ.
एक दाबला.
पाणी.
तोटीखाली गुंड सरकवायचंही तिला सुचलं नव्हतं,
पहिली धार पायांवर, मग नालीत.

दुसरा हापसा तिनं लगेच मारला नाही.
"जो पयले येते त्याले सतरा मारा लागत होते," ती म्हणाली.
"बाकीच्याइले भरलीच भेटे.
मले झोप नाही, मीच येत होती."
दांड्यावरचा हात तसाच.
"आता कोन पयले आलं
हे कोनाले कसं समजन?"

नोंदवहीत लिहिलं:
तळझडपेचे रबर, एक नग.
शेरा या रकान्यात
बरीच जागा उरली.